जवस, माशाचं तेल आणि नराचं वीर्य: काय पोचतं, काय वाटेत संपतं

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: पैदाशीसाठी ठेवलेल्या वळूंना आणि बोकडांना खुराकातून जवस किंवा माशाचं तेल दिलं तर वीर्याची प्रत सुधारते का, की तो नुसता खर्च? शिवाय काहींचा अनुभव असा की तेल सुरू केल्यावर गोठवलेल्या वीर्याचा निकाल आधीपेक्षा वाईट आला. ते कसं?

सुधारू शकते. पण त्या तेलाला जपणारी सामग्री जनावराच्या अंगात आधी हवी, आणि दिलेलं तेल खरोखर वृषणापर्यंत पोचायला हवं. या दोन्हींकडे न बघता बाटली उघडली तर पैसे तरी वाया जातात, नाहीतर वीर्य तरी बिघडतं. कारणं जरा सविस्तर सांगतो. ती कळली की कुठल्या नराला काय आणि किती द्यायचं हे बरंचसं आपलं आपल्याला ठरवता येतं.

शुक्राणूचं पटल, म्हणजे त्याचं बाहेरचं पातळ आवरण, हे शरीरातल्या इतर पेशींच्या पटलापेक्षा वेगळं असतं. त्यात लांब साखळीची, अनेक दुहेरी बंध असलेली फॅटी ॲसिड फार मोठ्या प्रमाणात असतात. दुहेरी बंध आला की साखळीला बाक येतो, साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटून बसत नाहीत आणि पटल लवचिक राहतं. शेपटीला सतत वळवळायचं असतं, डोक्यावरच्या टोपीला, म्हणजे ॲक्रोसोमला, योग्य वेळी फुटायचं असतं आणि शेवटी अंड्याच्या पटलाशी एकजीव व्हायचं असतं. ताठ पटलाला यातलं काहीच नीट जमत नाही. वळू, मेंढा आणि बोकड यांच्या शुक्राणूंत अशा फॅटी ॲसिडपैकी मुख्य असतं डीएचए. ते ओमेगा-३ गटातलं असून त्यात २२ कार्बन आणि ६ दुहेरी बंध असतात. वराह आणि घोडा यांच्यात त्याच्या जोडीला ओमेगा-६ गटातलं २२ कार्बन आणि ५ दुहेरी बंधांचं डीपीए भरपूर असतं, बहुतेकदा डीएचएपेक्षा जास्तच. कोंबड्याची गोष्ट आणखी निराळी. त्याच्या शुक्राणूत ओमेगा-६ गटातली ॲराकिडोनिक ॲसिड आणि २२ कार्बन, ४ दुहेरी बंधांचं फॅटी ॲसिड ही प्रमुख असतात, डीएचए अगदी थोडं. म्हणून एका प्राण्यावरचा निकाल दुसऱ्याला जसाच्या तसा लावणं मला पटत नाही. ‘ओमेगा-३ दिलं की वीर्य सुधारतं’ हे वाक्य कुठल्या प्राण्याबद्दल आहे हे आधी विचारा.

हे डीएचए येतं कुठून? वळू तर मासे खात नाही. हिरव्या गवतातल्या चरबीत निम्म्याहून जास्त वाटा ओमेगा-३ गटातल्याच अल्फा-लिनोलेनिक ॲसिडचा असतो. यकृतात आणि मुख्य म्हणजे वृषणातल्या, शुक्राणूंना पोसणाऱ्या सर्टोली पेशींत त्याची साखळी लांबवून, नवे दुहेरी बंध घालून डीएचए तयार होतं. ही व्यवस्था किती मोलाची आहे ते उंदरांवरच्या कामातून स्पष्ट दिसलं. दुहेरी बंध घालणाऱ्या एका एन्झाइमचं जनुक काढून टाकलेले नर नापीक निघाले, ॲक्रोसोम तयारच होईना. त्यांना आहारातून डीएचए दिल्यावर प्रजननक्षमता परत आली. त्याहून जुना इतिहासही सांगण्यासारखा आहे. जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने १९२९ मध्ये दाखवलं की काही फॅटी ॲसिड आहारातून मिळालीच पाहिजेत. हर्बर्ट इव्हान्स यांनी १९३४ मध्ये सहकाऱ्यांसह दाखवलं की चरबीविरहित आहारावर वाढवलेले नर उंदीर वंध्य होतात. हेच इव्हान्स १९२२ मध्ये कॅथरीन बिशप यांच्याबरोबर ई जीवनसत्त्वाच्या शोधापर्यंत पोचले होते, तेही प्रजननाचा अभ्यास करतानाच. फॅटी ॲसिड आणि त्यांना ऑक्सिजनपासून जपणारं ई जीवनसत्त्व, दोन्ही धागे एकाच माणसाच्या हाती लागले यात मला आश्चर्य वाटत नाही. प्रजननाच्या बाबतीत या दोघांचा विचार वेगळा करताच येत नाही.

कारण असं की जो दुहेरी बंध पटलाला लवचिक करतो, तोच ऑक्सिजनला चढाईची जागा देतो. नेमकं सांगायचं तर दोन दुहेरी बंधांच्या मधला कार्बन कच्चा असतो, त्याच्यावरचा हायड्रोजन सहज निघतो. ओमेगा-६ गटातल्या लिनोलेइक ॲसिडमध्ये अशी एक जागा असते, डीएचएमध्ये पाच. एका साखळीला सुरुवात झाली की ती शेजारचीला पेटवते, आणि मॅलोनडायअल्डिहाइड किंवा ४-हायड्रॉक्सीनोनेनालसारखी विषारी द्रव्यं तयार होतात. ती शेपटीच्या प्रथिनांना आणि डोक्यातल्या डीएनएलाही चिकटतात. इतर पेशी अशा वेळी आपल्या पेशीद्रव्यातली एन्झाइम वापरून सावरतात. शुक्राणूने पेशीद्रव्य जवळजवळ सगळं टाकून दिलेलं असतं, आणि तुटलेलं पटल नव्याने बांधायची सोयही त्याच्याकडे नसते. त्याचं रक्षण बव्हंशी वीर्यद्रव करतो. गोठवण्यासाठी आपण वीर्य पातळ करतो तेव्हा हे संरक्षणही पातळ होतं. हे लक्षात घेतलं की तेल दिल्यावर गोठवलेलं वीर्य बिघडल्याची तक्रार विचित्र वाटत नाही. ताजं वीर्य तपासलं तर छान दिसतं, कारण पटल खरोखरच लवचिक झालेलं असतं. गोठवून वितळवताना ऑक्सिजनचा मारा वाढतो आणि जास्त डीएचए असलेलं, पण राखण नसलेलं पटल आधी तुटतं.

हे डोळ्यांनी बघता येतं. गोठवलेल्या वीर्याची बारीक नळी, म्हणजे स्ट्रॉ, ३७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ३० सेकंद धरून वितळवा, थेंब कोमट स्लाइडवर घ्या. वितळल्याबरोबर हालचाल बरी दिसते आणि माणूस समाधानाने नोंद करून मोकळा होतो. तीच स्ट्रॉ ३७ अंशांवर तासभर ठेवून पुन्हा बघा. पटल खरोखर शाबूत असेल तर पुढे जाणारे शुक्राणू अजून भेटतात. पटलाला इजा झालेली असेल तर बहुतेक जागच्या जागी थरथरत असतात किंवा शेपटी वळून गोल फिरत राहतात. जोडीला कमी क्षार असलेल्या द्रावणाची साधी चाचणी करा: पटल अखंड असलेला शुक्राणू पाणी आत घेऊन फुगतो आणि त्याची शेपटी आकडीसारखी वळते, फाटलेल्याची सरळच राहते. दोनशे शुक्राणू मोजले की पुरेसा अंदाज येतो. खुराक बदलल्याचा परिणाम पाहायचा असेल तर नुसत्या सुरुवातीच्या हालचालीच्या टक्क्यापेक्षा या दोन नोंदींवर माझा जास्त भरवसा आहे.

आणखी एक बाब जुन्या काळापासून माहीत आहे. मेलेले शुक्राणू जिवंतांना मारतात. वळूच्या मृत शुक्राणूंतून सुटणारं एक एन्झाइम, गोठवण्याच्या द्रावणात घालतात त्या कोंबडीच्या अंड्याच्या बलकातल्या काही अमिनो ॲसिडवर काम करून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं. म्हणून मुळातच बरेच शुक्राणू मेलेले असलेलं वीर्य गोठवायला घेतलं तर कोणत्याही तेलाने ते तरत नाही.

आता रवंथ करणाऱ्यांची खास अडचण. गाय-म्हैस, शेळी-मेंढी यांच्या कोठीपोटातले, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटातले, जिवाणू असंपृक्त, म्हणजे दुहेरी बंध असलेल्या, फॅटी ॲसिडचे दुहेरी बंध तोडून त्यांचं रूपांतर मुख्यतः स्टिअरिक ॲसिडमध्ये करतात. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक ॲसिड असतं, ते मोकळं तेल म्हणून दिलं तर आतड्यापर्यंत त्याचा थोडाच भाग मूळ रूपात पोचतो. माशाच्या तेलातलं डीएचएही कोठीपोटातून अखंड जात नाही. शिवाय मोकळं तेल जास्त झालं तर तंतू पचवणारे जिवाणू दबतात, चारा नीट पचत नाही आणि जनावर खाणं कमी करतं. एकूण खुराकातल्या सगळ्या घटकांची मिळून चरबी कोरड्या वजनाच्या ६ टक्क्यांपर्यंतच ठेवावी. चारा आणि पेंडीतून ३ टक्के आधीच आलेले असतात हे विसरू नका. भरडलेलं जवस मोकळ्या तेलापेक्षा सावकाश सुटतं, म्हणून ते मला जास्त पसंत आहे, पण त्यानेही सगळं वाचतं असं नाही.

इथे बायपास फॅटचा विषय निघतो, आणि सगळ्यात मोठा गोंधळही इथेच आहे. फॅटी ॲसिडला कॅल्शियमची जोड देऊन कोठीपोटातून पुढे नेणं ही कल्पना चांगली आहे. पण बाजारात मिळणारं बहुतेक बायपास फॅट पामच्या तेलापासून बनतं, म्हणजे त्यात मुख्यतः पामिटिक आणि ओलेइक ॲसिड असतं. दुभत्या जनावराला ऊर्जा देण्यासाठी ते बनवलेलं आहे. वळूला ते दिलं तर वजन वाढेल, शुक्राणूच्या पटलात डीएचए वाढणार नाही. घेण्याआधी पिशवीवर फॅटी ॲसिडचं विवरण वाचा. ओमेगा-३ साठी हवं असेल तर जवसाच्या किंवा माशाच्या तेलाचं कॅल्शियमयुक्त रूप लागतं. तेही पूर्ण सुरक्षित नसतं, कारण कोठीपोटातला सामू ६ च्या खाली उतरला की कॅल्शियमची जोड सुटायला लागते. धान्य भरपूर आणि चारा कमी अशा खुराकावर हे हमखास होतं.

वळू आणि बोकडांवर झालेल्या कामाचे निकाल म्हणूनच मिश्र आहेत. कुठे ताज्या वीर्यात हालचाल वाढली पण वितळवल्यावर फरक उरला नाही, कुठे काहीच झालं नाही, कुठे ई जीवनसत्त्वाची जोड दिल्यावर फायदा दिसला. मला यातून एक अर्थ लागतो. चांगल्या हिरव्या चाऱ्यावर असलेला नर स्वतःची डीएचएची गरज बऱ्यापैकी भागवतो, त्याला वरून दिलेल्या तेलाने फारसं काही मिळत नाही. उलट वर्षभर धान्य, पेंड आणि वाळल्या कडब्यावर असलेल्या नराला ओमेगा-६ भरपूर आणि ओमेगा-३ नाममात्र मिळतं. तिथे सुधारणेला जागा असते. अशा ठिकाणी मी आधी हिरवा चारा सुरू करायला सांगतो, तेल नंतर. हिरव्या चाऱ्यात अल्फा-लिनोलेनिक ॲसिड आणि ई जीवनसत्त्व एकत्र येतात. वाळवताना आणि साठवताना दोन्ही घटतात, ई जीवनसत्त्व तर फारच.

एका पोटाच्या प्राण्यांत चित्र जास्त स्वच्छ आहे. जे खाल्लं ते बऱ्याच अंशी तसंच रक्तात जातं. वराहांना खाद्यात किलोमागे ३० ग्रॅम टूना माशाचं तेल दिल्यावर शुक्राणूतलं डीएचए वाढलं, डीपीए त्या प्रमाणात घटलं, आणि पुढे सरळ जाणाऱ्या तसंच अखंड ॲक्रोसोम असलेल्या शुक्राणूंचं प्रमाणही वाढलं. वराहांवरच्याच इतर प्रयोगांत मात्र पटलाची रचना बदलूनही वीर्याच्या गुणवत्तेत फरक पडला नाही. घोड्यांत डीएचएयुक्त पूरक दिल्यावर थंड करून ठेवलेल्या वीर्याची हालचाल जास्त टिकल्याचं दिसलं, आणि ज्यांचं वीर्य मुळात थंडी सोसत नव्हतं अशा घोड्यांत फायदा जास्त होता. कोंबड्यांत माशाच्या तेलाने शुक्राणूतला ओमेगा-३ चा वाटा वाढतो, पण त्यांच्या शुक्राणूची मूळ घडणच ओमेगा-६ ची असल्याने तिथे हात आखडता ठेवावा, आणि ई जीवनसत्त्व भरपूर हवं. या कामात खाद्यात किलोमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत ई जीवनसत्त्व वापरलेलं आहे, ते उगीच नाही.

गोठवण्याबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं, कारण तिथे फॅटी ॲसिडइतकंच कोलेस्टेरॉल महत्त्वाचं आहे. तापमान उतरत जातं तसं पटलातले संपृक्त आणि असंपृक्त भाग वेगवेगळ्या तापमानाला थिजतात आणि त्यांच्या सीमेवर पटलाला भेगा पडतात. कोलेस्टेरॉल मधे बसून हा धक्का सौम्य करतं. कोलेस्टेरॉलचं फॉस्फोलिपिडशी, म्हणजे पटल ज्या चरबीचं बनतं तिच्याशी, प्रमाण सशाच्या शुक्राणूत ०.९ च्या आसपास असतं, वळूत ०.४५ च्या, मेंढ्यात ०.४ हून कमी, वराहात त्याहूनही कमी. सशाचा शुक्राणू थंडीचा धक्का सहज सोसतो. वराहाचं वीर्य १५ अंशांखाली नेलं की नुकसान सुरू होतं, म्हणून ते १७ अंशांच्या आसपास ठेवतात. हे प्रमाण खुराकातून फारसं हलवता येत नाही. पातळ करण्याच्या द्रावणातून मात्र हलवता येतं: कोलेस्टेरॉल भरलेलं सायक्लोडेक्स्ट्रिन, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहून नेणारी कड्यासारखी शर्करा, गोठवण्याआधी मिसळलं तर वळू आणि घोड्याचे जास्त शुक्राणू वाचतात. अंड्याच्या बलकाचं कामही याच धर्तीचं आहे. त्यातले कमी घनतेचे लिपोप्रोटीन, म्हणजे चरबी आणि प्रथिनांचे कण, वीर्यद्रवातल्या त्या प्रथिनांना धरून ठेवतात, जी एरवी शुक्राणूच्या पटलातून कोलेस्टेरॉल आणि फॉस्फोलिपिड ओढून काढतात. एखाद्या वळूचं ताजं वीर्य उत्तम आणि गोठवलेलं वाईट असेल तर मी खुराकाआधी द्रावण आणि थंड करण्याचा वेग तपासतो.

ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम हे खनिज यांचं काम एकाच साखळीच्या दोन टोकांना आहे. ई जीवनसत्त्व पटलात बसून पेटलेली साखळी तोडतं. सेलेनियमवर चालणारं एक एन्झाइम तयार झालेली पेरॉक्साइड निकामी करतं, आणि त्याच एन्झाइमचं प्रथिन शुक्राणूच्या मधल्या भागाची बांधणीही करतं. म्हणून सेलेनियम कमी पडलं की मधल्या भागातच मोडलेल्या शेपट्या दिसायला लागतात. पण सेलेनियमला मर्यादा कडक आहे. पूरक म्हणून खाद्यात किलोमागे ०.३ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नका, फार जास्त झालं तर ते विषारी ठरतं. वेगवेगळी खनिज मिश्रणं एकत्र देताना ही बेरीज हमखास चुकते. ई जीवनसत्त्वात इतका धोका नाही. तेल सुरू करणार असाल तर ते निदान तीन आठवडे आधीपासून वाढवा आणि तेल चालू आहे तोवर कमी करू नका.

तेल खवट आहे का हे नाकाने ओळखता येतं, पण नाकाला कळेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. माशाचं तेल आणि भरडलेलं जवस दोन्ही लवकर खराब होतात. जवस अख्खं साठवा आणि लागेल तसं दोन-तीन दिवसांपुरतं भरडा. तेल गडद डब्यात, थंड जागी, झाकण घट्ट लावून ठेवा आणि खाद्यात रोजच्या रोज मिसळा. खवट तेल खाद्यातलं ई जीवनसत्त्व पोटात जाण्याआधीच संपवतं, म्हणजे दुहेरी नुकसान. ‘तेलाने वीर्य बिघडलं’ अशा तक्रारी मी तपासतो तेव्हा पहिली मागणी तेलाच्या डब्याची असते, वळूची नाही.

जवस महाग पडतं म्हणून सरकी देण्याचा विचार असेल तर पैदाशीच्या नरासाठी मी नको म्हणेन. सरकीच्या तेलात लिनोलेइक ॲसिड भरपूर असतं, पण सरकीतलं गॉसिपॉल हे नैसर्गिक विष शुक्राणूच्या मधल्या भागातल्या मायटोकाँड्रियांना, म्हणजे ऊर्जा पुरवणाऱ्या भागांना, इजा करतं. प्रौढ जनावरांचं कोठीपोट गॉसिपॉलचा काही भाग बांधून ठेवतं, वाढीच्या वयातल्या वळूंना तेवढं संरक्षण नसतं.

चरबीबद्दल बोलताना जनावराच्या अंगावरची चरबी विसरून चालत नाही. वृषण शरीरापेक्षा काही अंश थंड राहिले तरच शुक्राणू नीट बनतात. लहानपणापासून भरपूर ऊर्जा देऊन लठ्ठ केलेल्या वळूच्या अंडकोषाच्या गळ्याशी चरबी साठते आणि उष्णता बाहेर पडत नाही. असा वळू देखणा दिसतो, पण विकृत शुक्राणूंचं प्रमाण वाढलेलं असतं. त्याला वरून बायपास फॅट देणं म्हणजे अडचणीत भर. आधी वजन आटोक्यात आणा.

किती दिवसांनी परिणाम बघायचा? शुक्राणू तयार व्हायला वळूत सुमारे ६१ दिवस लागतात, मेंढ्यात आणि बोकडात ४७-४८, वराहात ३९, घोड्यात ५७, कोंबड्यात दोन आठवड्यांच्या आसपास. सस्तन प्राण्यांत त्यावर शुक्राणूच्या अधिवृषणातल्या, म्हणजे वृषणाला चिकटलेल्या ज्या नळीत तो परिपक्व होतो तिथल्या, प्रवासाचा आठवडा ते दोन आठवडे धरा. म्हणजे वळूत दहा-अकरा आठवड्यांच्या आत काढलेला निष्कर्ष कच्चा. महिन्याभरात फरक दिसल्याचं कुणी सांगितलं तर तो ऋतूचा, विश्रांतीचा किंवा वीर्य घेण्याच्या अंतराचा असण्याची शक्यता जास्त. उन्हाळा संपताना तेल सुरू केलं की वीर्य सुधारतंच, ते थंड हवेमुळेही सुधारलं असतं. म्हणून सगळ्या नरांना एकदम सुरू करू नका. वयाने आणि जातीने सारखे असलेले निम्मे नर जुन्याच खुराकावर ठेवा, आधीच्या दोन महिन्यांच्या नोंदी काढा आणि वीर्य घेण्याचं वेळापत्रक दोन्ही गटांत एकच ठेवा.

वळूसाठी माझी सुरुवात अशी असते: हिरवा चारा रोज, खनिज मिश्रणातलं सेलेनियम आणि जस्त तपासून घेतलेलं, ई जीवनसत्त्व वाढवलेलं, आणि मग ताजं भरडलेलं जवस रोज २०० ग्रॅमपासून सुरू करून दोन आठवड्यांत ४०० ते ५०० ग्रॅमपर्यंत. अर्धा किलो जवसातून साधारण २०० ग्रॅम तेल जातं, तेवढं एकूण चरबीच्या मर्यादेत बसतं का ते जनावराच्या खाण्यावरून मोजा. बोकडाला त्याच्या वजनाच्या प्रमाणात, म्हणजे ३० ते ५० ग्रॅम जवस पुरे. शेण पातळ झालं किंवा खाणं कमी झालं तर मात्रा निम्म्यावर आणा. माशाचं तेल मी रवंथ करणाऱ्यांना संरक्षित रूपातच देतो, मोकळं देत नाही.

बारा आठवड्यांनंतर ताजं वीर्य, वितळल्याबरोबरची हालचाल, तासाभरानंतरची हालचाल आणि आकडीची चाचणी या चारही नोंदी दोन्ही गटांत ताडून पाहा. ताजं सुधारलं आणि वितळलेलं घसरलं तर तेल कमी करा, ई जीवनसत्त्व कमी करू नका. काहीच हललं नाही तर तेल बंद करून ते पैसे चाऱ्यावर घाला. आणि एखाद्या वळूचं वीर्य खुराक, द्रावण, वेग सगळं नीट करूनही गोठवण सोसत नसेल, तर हा गुण बऱ्याच अंशी त्या नराचा स्वतःचा असतो हे मान्य करावं. त्याचं वीर्य ताजं किंवा थंड करून वापरता येतं, गोठवण्यासाठी दुसरा नर निवडा.